वीज परत आल्यानंतर घरातील काही संगणकांवरच इंटरनेट येत नाही. दोन राउटरच्या जोडणीबाबत सल्ला हवा आहे

दुमजली:

नमस्कार.

आमचे घर साताऱ्यात असून ते दुमजली आहे. तळमजल्यावरच्या दिवाणखान्यात कंपनीने बसवलेला फायबरचा ओएनटी आहे, ज्याला घरात सगळे मोडेमच म्हणतात, आणि वायफायची सोयही त्याच्यातच आहे. त्याचे वायफाय माडीवर नीट पोहोचत नसल्यामुळे जुन्या ब्रॉडबँडच्या वेळचा एक राउटर आम्ही वर ठेवला आहे. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून (घरातील उपकरणे जोडण्याच्या खाचेतून) निघालेली केबल जिन्याच्या भिंतीतल्या पाइपमधून वर नेली असून ती या राउटरच्याही लॅन पोर्टमध्येच लावलेली आहे. पूर्वी ती वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणारे इंटरनेट आत घेण्याच्या खाचेत) होती, परंतु तेव्हा माडीवरचा प्रिंटर खालच्या डेस्कटॉपला दिसत नव्हता, म्हणून वायरमनने ती बदलून दिली. दोन्ही ठिकाणच्या वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवला आहे.

अडचण अशी आहे की वीज जाऊन परत आली की खालच्या डेस्कटॉपवर, जो केबलने थेट ओएनटीला जोडलेला आहे, जोडणी असल्याचे दिसते, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. नेमक्या त्याच वेळी त्याच खोलीत बसून मोबाइलवर सगळे व्यवस्थित चालू असते. काही वेळा डेस्कटॉप ठीक असतो आणि माडीवरचा लॅपटॉप किंवा टीव्ही अडतो. डेस्कटॉपवर इंटरनेट नसते तेव्हा प्रिंटरही त्याला दिसेनासा होतो. ओएनटी बंद करून पुन्हा सुरू केला की कधी सुरळीत होते, कधी होत नाही, आणि कधी कोणी काही न करताच दुसऱ्या दिवशी सगळे चालू झालेले असते.

ग्राहक सेवेकडून दर वेळी ‘आमच्या बाजूने लाइन ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्यांच्या तंत्रज्ञाने येऊन ओएनटी बदलून दिला, तरी फरक पडला नाही. आता ओएनटीच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून तो पूर्ण रिसेट करावा असे एका परिचिताने सुचवले आहे. ते करावे का? ओएनटीच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० या आकड्याने सुरू होणारा दिसतो; त्यात काही गडबड असू शकेल का? शिवाय आमची योजना २०० एमबीपीएसची असूनही माडीवर ९० च्या पुढे वेग कधी मिळत नाही. त्याचा या बिघाडाशी संबंध आहे का? वडील बँकेची कामे डेस्कटॉपवर करतात आणि मुलीचे वर्ग लॅपटॉपवर असतात, त्यामुळे हे कायमचे मार्गी लागणे आवश्यक आहे.

जोडतार:

सर्वप्रथम एक विनंती: टाचणीने रिसेट कृपया करू नका. त्या रिसेटने ओएनटीमधील कंपनीने भरलेली माहिती, म्हणजे पीपीपीओईचे (कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) वापरकर्तानाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातील वेगळ्या विभागाचा) क्रमांक, पुसली जाण्याची शक्यता असते. काही कंपन्या ही माहिती दुरून पुन्हा भरतात, परंतु सगळ्याच भरत नाहीत, आणि ती ग्राहकाला लेखी दिलेली नसेल तर तंत्रज्ञ येईपर्यंत संपूर्ण घराचे इंटरनेट बंद राहते.

बिघाड कुठे आहे हे ओळखायचे असेल तर तो चालू असतानाच पाहणी करावी लागते. उपकरणे बंद करून सुरू केली की पुरावाच नाहीसा होतो. म्हणून पुढच्या वेळी डेस्कटॉप अडेल तेव्हा कशालाही हात न लावता विंडोजच्या शोधपट्टीत ‘सीएमडी’ टाइप करावे आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा इंग्रजीत द्यावी. त्यात आयपी पत्ता (संगणकाचा जाळ्यातील क्रमांक), डीफॉल्ट गेटवे (बाहेर जाण्याचा रस्ता देणारे उपकरण) आणि डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारे उपकरण) या तीन ओळींसमोर काय आकडे आहेत ते लिहून ठेवावेत. त्यानंतर ‘पिंग’ या आज्ञेने आधी तो गेटवे आणि मग ८.८.८.८ (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) उत्तर देतो का ते पाहावे. व्यवस्थित चालणाऱ्या संगणकावरचे आकडेही सोबत द्यावेत, म्हणजे तुलना करता येईल. माडीवरचा राउटर आणि ओएनटी यांपैकी इन्व्हर्टरवर काय आहे, तेही कळवावे.

१०० ने सुरू होणाऱ्या पत्त्याची काळजी करू नये. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये सेवापुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. ग्राहकांना असे अंतर्गत पत्ते देऊन कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटून वापरते. त्यामुळे बाहेरून घरातील कॅमेरा थेट पाहणे अशा कामांना अडथळा येतो, परंतु घरातून संकेतस्थळे उघडण्याशी त्याचा संबंध नाही.

दुमजली:

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. काल संध्याकाळी वीज जाऊन आली आणि डेस्कटॉप अडला, तेव्हा आकडे उतरवून घेतले.

अडलेल्या डेस्कटॉपवर आयपी पत्ता १९२.१६८.०.१०३ होता, तर गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर दोन्ही १९२.१६८.०.१ होते. गेटवेला पिंग केल्यावर लगेच उत्तर आले, पण ८.८.८.८ कडून आले नाही. त्याच वेळी माडीवरचा लॅपटॉप व्यवस्थित चालू होता आणि त्याच्यावर पत्ता १९२.१६८.१.३४ असून गेटवे व डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.१.१ असे होते.

माडीवरचा राउटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहे. ओएनटी मात्र टीव्हीच्या पॉइंटवर असल्यामुळे वीज गेली की बंद पडतो.

जोडतार:

या आकड्यांनी प्रश्न जवळजवळ सोडवलाच आहे. आपल्या घरात पत्ते वाटणारी उपकरणे दोन झाली आहेत. १९२.१६८.१.१ हा ओएनटी आहे आणि १९२.१६८.०.१ हा माडीवरचा राउटर. दोघांमधील डीएचसीपी सुरू आहे आणि दोघे लॅन पोर्टने जोडलेले असल्यामुळे संपूर्ण घर एकच जाळे बनले आहे; खालच्या डेस्कटॉपची हाक माडीवर आणि माडीवरच्या लॅपटॉपची हाक खाली, दोन्ही सारख्याच पोहोचतात.

डीएचसीपीचे काम कसे चालते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या सगळ्या लक्षणांचा उलगडा त्यात आहे. संगणक सुरू झाला की त्याच्याकडे पत्ता नसतो, म्हणून तो जाळ्यातील सर्वांना ऐकू जाईल अशी विचारणा करतो. पत्ते वाटणारे जेवढे सर्व्हर असतील तेवढे आपापला पत्ता देऊ करतात. संगणक त्यांतील एक स्वीकारतो, आणि तो बहुतेक वेळा सर्वांत आधी आलेला असतो. त्या पत्त्याबरोबरच ‘बाहेर जाण्याचा रस्ता माझ्याकडून आहे’ अशी गेटवेची माहितीही मिळते. ओएनटीकडून पत्ता मिळाला तर गेटवे खरा असतो. माडीवरच्या राउटरकडून मिळाला तर तो राउटर स्वतःलाच गेटवे म्हणून सांगतो, परंतु त्याचा वॅन पोर्ट रिकामा असल्यामुळे त्याच्यापुढे रस्ताच नाही. म्हणूनच गेटवेने पिंगला तत्परतेने उत्तर दिले आणि ८.८.८.८ कडून काहीच आले नाही.

आता विजेचा संबंध पाहा. वीज परत येते तेव्हा इन्व्हर्टरवरचा राउटर जागाच असतो आणि ओएनटी नुकता सुरू होत असतो. ओएनटीच्या आतील स्विच बहुधा लवकर जागा होतो, त्यामुळे डेस्कटॉपची विचारणा माडीपर्यंत पोहोचते. मात्र ओएनटीमधील पत्ते वाटणारी यंत्रणा सुरू व्हायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्या अवधीत माडीवरच्या राउटरने पत्ता देऊन टाकलेला असतो. एरवी वीज असताना नवीन जोडणी झाली तर दोघांपैकी जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मिळतो, म्हणून कधी लॅपटॉप अडतो आणि कधी टीव्ही.

एकदा चुकीचा पत्ता मिळाला की तो लगेच सुटत नाही, ही यातली सर्वांत त्रासदायक बाब आहे. पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो, आणि मुदत निम्मी झाली की संगणक ज्याने पत्ता दिला त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागतो. तो सर्व्हर आनंदाने देतो. त्यामुळे संगणक सतत सुरू असेल तर चुकीचा पत्ता चालूच राहतो, आणि रात्री बंद करून सकाळी सुरू केला तर नवीन विचारणेत नशिबाने ओएनटीचा पत्ता मिळू शकतो. ‘दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झाले’ याचे कारण हे आहे. ओएनटी बदलून उपयोग झाला नाही, कारण त्याच्यात दोष नव्हताच. प्रिंटर न दिसण्याचे कारणही तेच: डेस्कटॉप १९२.१६८.० च्या गटात आणि प्रिंटर १९२.१६८.१ च्या गटात असला की एका तारेवर असूनही ते एकमेकांना आपल्या जाळ्यातले मानत नाहीत.

उपाय सोपा आहे, पण क्रम सांभाळावा लागतो. खालून आलेली केबल माडीवरच्या राउटरमधून तात्पुरती काढावी. लॅपटॉपचे वायफाय बंद करून तो एका तोकड्या केबलने त्या राउटरला जोडावा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडावे. बऱ्याच राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ अशी सोय असते. ती असेल तर निवडावी; मग राउटर पत्ते वाटणे थांबवतो आणि फक्त वायफाय पसरवण्याचे काम करतो. जुन्या राउटरमध्ये ती नसेल तर आधी त्याचा लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा, राउटर पुन्हा सुरू झाला की याच नव्या पत्त्यावर त्याचे पान उघडून डीएचसीपी बंद करावे, आणि शेवटी खालची केबल पूर्वीप्रमाणे लॅन पोर्टमध्ये लावावी. डीएचसीपी आधी बंद केले तर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि तो हाताने भरावा लागतो, म्हणून हा क्रम सांगितला. ओएनटी ज्या पत्त्यांचे वाटप करतो त्यांची सुरुवात त्याच्या पानावर १९२.१६८.१.२० पासून करून घ्यावी, म्हणजे १९२.१६८.१.२ हा पत्ता तो दुसऱ्या कोणाला देणार नाही. हा नवा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून राउटरच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवावा, कारण यानंतर जुन्या पत्त्यावर त्याचे पान उघडणार नाही.

हे झाल्यावर विंडोजच्या संगणकांवर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि त्यानंतर ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ या आज्ञा द्याव्यात. मोबाइल आणि टीव्हीचे वायफाय बंद करून सुरू केले तरी पुरते.

सह्यकडा:

वरील निदान पटले. तरीही मला एक पर्याय सुचवावासा वाटतो. केबल परत वॅन पोर्टमध्ये लावली तर राउटरच्या कोणत्याही सेटिंगला हात न लावता दोन्ही डीएचसीपी वेगळे होतील, कारण पत्त्याची विचारणा वॅन पोर्ट ओलांडून जात नाही. ज्यांना राउटरच्या पानांची भीती वाटते त्यांच्यासाठी हा मार्ग मला अधिक निर्धोक वाटतो. पत्त्यांचे भाषांतर (आतल्या पत्त्याऐवजी बाहेरचा पत्ता लावणे) दोनदा होते एवढेच, आणि रोजच्या वापरात ते जाणवत नाही.

जोडतार:

इंटरनेटपुरते पाहिले तर आपले म्हणणे बरोबर आहे, आणि ज्या घरात प्रिंटर किंवा फाइलींची देवाणघेवाण नाही तिथे मीही तो मार्ग सुचवीन. प्रश्नकर्त्यांच्या घरी मात्र प्रिंटर माडीवर आहे आणि छपाई तळमजल्यावरून करायची आहे. वॅन पोर्टमागची उपकरणे बाहेर पाहू शकतात, परंतु बाहेरून आत पाहता येत नाही. त्यामुळे खालच्या डेस्कटॉपला माडीवरचा प्रिंटर सापडणार नाही, आणि पूर्वी त्यांना हाच अनुभव आला होता. प्रिंटर तळमजल्यावर असता तर माडीवरच्या लॅपटॉपला त्याचा पत्ता हाताने भरून छपाई करता आली असती.

या निमित्ताने एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते, कारण अनेक जण वरची खोली भाड्याने देतात आणि ‘भाडेकरूंसाठी वेगळा राउटर लावला आहे, आता आमचे संगणक सुरक्षित आहेत’ असे समजतात. वॅन पोर्टने जोडलेल्या आतल्या राउटरवरचा माणूस बाहेरच्या जाळ्यातील, म्हणजे घरमालकाच्या, संगणकांपर्यंत पोहोचू शकतो. उलट दिशेने पोहोचता येत नाही. म्हणजे संरक्षण भाडेकरूला मिळते, घरमालकाला नाही. अशा ठिकाणी ओएनटीवरील पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय वापरावे, अथवा घरमालकाने स्वतःची उपकरणे आतल्या राउटरमागे ठेवावीत.

रानवाट:

मी केबलिंगचे काम करतो, म्हणून ९० एमबीपीएसच्या प्रश्नाकडे लक्ष वेधतो. त्याचा वरच्या बिघाडाशी संबंध नाही, पण तोही सुटण्यासारखा आहे. प्रत्यक्ष वेग ९० ते ९५ च्या आसपास अडकत असेल, तर वाटेत कुठेतरी जोडणी १०० एमबीपीएसची झालेली असते. पहिली शक्यता अशी की जुन्या राउटरचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असतील. स्वस्त राउटरमध्ये असे सर्रास असते आणि त्याला राउटर बदलण्याखेरीज इलाज नाही. त्याचे मॉडेल पाहून ते कळेल.

पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, असतील तर केबलची दोन्ही टोके पाहावीत. १०० एमबीपीएसला चार जोड्यांपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही लागतात, त्यामुळे एखादी तार नीट बसली नसली तरी इंटरनेट चालते, फक्त वेग घटतो. जॅकचे प्लास्टिक पारदर्शक असते. पितळी पट्ट्या वर आणि खटका खाली असा तो धरला की डावीकडून रंगांचा क्रम असा दिसायला हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा टी-५६८-बी क्रम आहे. घराचे वायरिंग करणारे कारागीर पुष्कळदा एका रंगाची जोडी शेजारी-शेजारी लावून जातात. तसे केले तर प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळच जाते, म्हणून दिव्यांच्या साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात आणि काम उत्तम झाले असे वाटते. परंतु ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा एकमेकींना पिळलेल्या एकाच जोडीच्या असणे आवश्यक असते, आणि या क्रमात त्या दोन वेगळ्या जोड्यांतल्या होतात. मग शेजारच्या तारांतील संकेत एकमेकांत मिसळतात, चुका वाढतात आणि उपकरणे वेग उतरवतात.

आणखी एक सूचना अशी की ओएनटीही इन्व्हर्टरवर घ्यावा. पॉइंट ओढणे शक्य नसेल तर राउटरसाठीचे छोटे यूपीएस बाजारात मिळतात. घेताना ओएनटीच्या अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे वाचून त्याला जुळणारेच घ्यावे; ते बरेचदा १२ व्होल्टचे असते, पण गृहीत धरू नये.

दुमजली:

सर्वांचे मनापासून आभार. माडीवरच्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड नव्हता, म्हणून दुसऱ्या पद्धतीने त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला आणि डीएचसीपी बंद केले. त्यानंतर मेन स्विच मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केला आणि सगळी उपकरणे तपासली. ओएनटी पूर्ण सुरू होईपर्यंत डेस्कटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत होता, मग थोड्या वेळाने तो १९२.१६८.१ च्या गटात आला आणि इंटरनेटही सुरू झाले. मधल्या काळात दिसलेला तो पत्ता चिंतेचा आहे का?

केबलच्या बाबतीत रानवाट यांचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. दोन्ही टोकांच्या जॅकमध्ये नारिंगीशेजारी पांढरा-नारिंगी, मग हिरव्याशेजारी पांढरा-हिरवा, अशा चारही जोड्या शेजारी-शेजारी लावलेल्या दिसल्या. राउटरचे पोर्ट गिगाबिटचे आहेत, त्यामुळे दोन्ही जॅक योग्य क्रमाने नव्याने बसवून घेतले, आणि आता केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर जोडणीचा वेग १००० एमबीपीएस दाखवला जातो.

एक शंका राहिली आहे. प्रिंटरचा पत्ता अधूनमधून बदलतो आणि डेस्कटॉपवर तो ‘ऑफलाइन’ दिसू लागतो. त्याला कायमचा पत्ता प्रिंटरवरच भरावा की आणखी कुठे?

जोडतार:

१६९.२५४ हा पत्ता कोणी दिलेला नसतो. विचारणेला कोणाकडूनही उत्तर आले नाही तर संगणक तो स्वतःच घेतो आणि अधूनमधून विचारणा करत राहतो. ओएनटी सुरू होत असताना तो दिसणे अपेक्षितच आहे, आणि आता घरात पत्ते वाटणारे दुसरे कोणी उरले नसल्याची ती खूणही आहे. ओएनटी पूर्ण सुरू असतानाही तोच पत्ता दिसत राहिला, तर मात्र त्या संगणकाची केबल किंवा पोर्ट तपासावा.

प्रिंटरचा पत्ता प्रिंटरवर भरण्यापेक्षा ओएनटीवर राखून ठेवावा. ओएनटीच्या पानावर डीएचसीपीच्या विभागात पत्ता आरक्षित करण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता, म्हणजे बारा अक्षर-अंकांचा त्याचा ओळखक्रमांक, आणि त्याला द्यायचा आयपी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, भरावा. मॅक पत्ता प्रिंटरच्या नेटवर्कच्या छापील अहवालात मिळतो. त्यानंतर प्रिंटर बंद करून सुरू करावा आणि डेस्कटॉपवर तो जुन्या नोंदीवरून न वापरता काढून टाकून याच पत्त्याने पुन्हा जोडावा, कारण विंडोज जुनाच पत्ता धरून बसलेले असू शकते. कंपनीने पुढे ओएनटी पुन्हा बदलला तर ही नोंद आणि पत्त्यांची सुरुवात २० पासून करण्याची नोंद, दोन्ही नव्याने कराव्या लागतील. राउटरखालच्या त्याच चिठ्ठीवर त्याही लिहून ठेवाव्यात.